गच्चीवरचं विमान

आपल्या होस्टेलच्या गच्चीवर फार तर कपडे वाळतात. कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने गच्चीवर चक्क सहा आसनी विमान बांधलं! 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं. पण डीजीसीएकडे नोंदणी व्हायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला, आणि धुळ्यात ते उडालं 2020 मध्ये.

छोट्या विमानाची ही कथा, तर प्रवासी जेटचं काय विचारता? उड्डाणात येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार पंखाने 3 सेकंद पेलायचा, टेकऑफला एक इंजिन बंद पडलं तरी वर चढायचं, आणि पार्टन्‌पार्टचा कागद हजर पाहिजे. (आपल्याला जर्नल पूर्ण करतानाच घाम फुटतो!) चीनच्या 'कोमॅक'कडे सरकारचा पैसा होता. तरी त्यांचं सी-919 मे 2017 ला प्रथम उडालं आणि तिकीटवाले प्रवासी बसले मे 2023 मध्ये. इंजिन अमेरिकन-फ्रेंच कंपनीचंच. शिवाय चीनचा दाखला युरोपात आपोआप चालत नाही, तिथे परीक्षा वेगळी.

एवढं करूनही गिऱ्हाईक विचारतं, स्पेअर कुठे मिळणार? बोइंग-एअरबसचे पार्ट आणि मेकॅनिक जगभर आहेत. गावात मेकॅनिक नसलेली बाईक आपले वडील तरी घेऊ देतात का?