कालवांपर्यंत पोचणारा धूर

मालवणच्या धक्क्यावरून समोर दिसतो सिंधुदुर्ग. 1664 मध्ये कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू झालं. पर्यटक तटबंदी पाहून परततात, पण इथली खरी श्रीमंती तटाच्या पायाशी, पाण्याखाली आहे: प्रवाळ आणि त्याच्या आसऱ्याने वाढणारी मासळी. 1987 मध्ये इथला 29.12 चौरस किलोमीटरचा परिसर सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

सुकती लागली की आसपासच्या खाड्यांत बायका उतरतात. वाकून, चिखलात बोटं खुपसून तिसरे (शिंपले) चाचपायचे; खडकाला चिकटलेलं कालव लोखंडी हत्याराने फोडून आतला मऊ गर डब्यात काढायचा. होडी नको, डिझेल नको, कर्ज नको. बाईच्या हाती रोख पैसा देणारा हा धंदा आहे. बचत गटांनी कालवांची शेतीही करून पाहिली आहे.

हे सगळं उभं आहे ते कवचावर. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे पाण्याची आम्लता वाढते आणि कवच घडवायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या पाण्याचा सामू (पीएच) सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला. फरक किरकोळ दिसतो, पण आम्लता पाव पटीहून अधिक वाढली आहे. मोठं कालव तग धरतं. मार बसतो तो पहिलं कवच घडवणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिल्लांना. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावरील एका बीजकेंद्रात 2007-08 च्या सुमारास अशी पिल्लं मोठ्या संख्येने मेली. तिथे टाक्यांतल्या पाण्यावर इलाज करता आला. उघड्या खाडीवर कोण करणार?

समुद्रापासून दूरच्या परभणीकरांना हे लांबचं वाटेल. पण त्यांच्याच जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यातल्या गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचं पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं, आणि तिथे जळणाऱ्या कोळशाचा वायू सह्याद्रीपाशी अडत नाही. 2015 च्या दुष्काळात ते केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं, तेव्हा मराठवाड्यानेही निसर्गाचा फटका सोसलाच. तरी कोळशाच्या हिशेबात खाडीतल्या बाईचं नाव कुठेच नसतं, हे मला अन्यायाचं वाटतं.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था शेजारच्या गोव्यात, दोनापावलाला आहे. तिच्या मदतीने मालवणच्या खाड्यांतल्या पाण्याचा सामू नियमित मोजला जावा आणि तो बंदरावरच्या फलकावर, भरती-ओहोटीच्या वेळांशेजारी, मराठीत लिहिला जावा.