रोजची गाडी, डोंगरातला मुक्काम

आमची सात आसनी अर्टिगा आठवड्याचे सहा दिवस घाटकोपरच्या एलबीएस रोडवर रांगत असते. मुलांची शाळा, अम्मींचा दवाखाना, घरचा बाजार. याच गाडीने डोंगरात मुक्कामाला जाता येईल का, असे मुलीने विचारले आणि आम्ही तयारीला लागलो. पैसे कुठे घातले, कुठे वाचवले आणि कुठे चुकलो, ते सांगतो. एक चूक जिवावर बेतणारी होती.

सामानाच्या दुकानात पुढचा लोखंडी बुलबार, रुंद टायर आणि टपावरचे दिवे दाखवले गेले. हिशेब ऐंशी हजारांपुढे गेला. चौकशी केली तेव्हा कळले की बुलबारवर कारवाई करा, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले. असा बदल केला तर अपघातानंतर विम्याचा दावाही अडू शकतो. आम्ही ते सगळे सोडून दिले.

मग घेतले काय? झिजलेले टायर बदलून त्याच मापाचे नवे टाकले. स्टेपनीत हवा भरली. गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप, पंक्चर किट, जम्पर केबल, ओढायचा पट्टा, दोन जाड फळ्या, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी घेतली. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी शिवली. सीएनजीच्या टाकीने मागची जागा खाल्ली आहे, म्हणून जड सामान मधल्या सीटच्या पायापाशी ठेवतो. टपावर ओझे चढवले की घाटातल्या वळणावर गाडी डोलते. डोंगरात गॅस मिळण्याची खात्री नसते, तेव्हा पेट्रोलची टाकीही भरून घेतो.

अशा गाडीला ताकद फक्त पुढच्या चाकांची असते, हे विसरायचे नाही. कच्च्या रस्त्यावर उतरण्याआधी एकाने पायी जाऊन पाहावे. चिखलात चाक रुतले तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नये, चाक आणखी खोल जाते. सगळ्यांनी उतरावे, टायरची हवा थोडी कमी करावी, चाकाखाली फळ्या सरकवाव्यात आणि हळूच गाडी काढावी. डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरावी.

नाताळच्या सुट्टीत कसारा घाट चढून घोटीमार्गे भंडारदऱ्याला गेलो. प्रवरेवरचे विल्सन धरण 1926 साली पूर्ण झाले. समोर 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, राज्यातले सर्वांत उंच शिखर. एका शेतकऱ्याला विचारून, भाडे देऊन त्याच्या रानात तंबू ठोकला. नळाच्या वीस लिटरच्या कॅनमुळे वुजूची सोय झाली. किब्ला आपल्याकडे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. अंतर कसरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन-दोन रकात अदा केल्या.

रात्री सिगडीवर कबाब भाजले. थंडी वाढली तेव्हा निखाऱ्यांची तीच सिगडी आम्ही तंबूत घेतली आणि चेन लावून झोपलो. अम्मी तहज्जुदला उठल्या, त्यांचे डोके जड झाले होते. मुलीला हाक मारली तर ती नीट बोलेना, मग उलटी झाली. अम्मींनी तंबू उघडला आणि आम्ही सगळ्यांना बाहेर काढले. जवळच्या दवाखान्यात मुलीला ऑक्सिजन लावला. अल्हम्दुलिल्लाह, दुपारपर्यंत ती हसूबोलू लागली.

डॉक्टरांनी कारण सांगितले: कार्बन मोनॉक्साइड. या वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपण्यातही हाच धोका आहे.

झोपताना आग पेटती ठेवू नका, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. रात्री मुक्काम करताना वाटेवर उतरू नका, तो जनावरांचा मार्ग असतो, हेही त्यांनी प्रवाशांना बजावले आहे. दोन्ही गोष्टी आम्ही वर्गात मुलांना शिकवत आलो होतो. त्या रात्री तंबूत मात्र त्यातली एकही आठवली नाही.

आता सिगडी पाण्याने विझवून तंबूपासून लांब ठेवतो. थंडीसाठी एकेक रजई जास्त नेतो. त्या ऐंशी हजारांतले फार थोडे खर्च झाले, बाकीचे मुलीच्या शिक्षणाच्या खात्यात आहेत. इन्शाअल्लाह, येत्या सुट्टीत पुन्हा निघू. तंबूची चेन कोण लावणार आणि कोण तपासणार, हे मुलीने आधीच ठरवून टाकले आहे.