चिखलातले देवदूत

४ नोव्हेंबर १९६६. आर्नो नदीला पूर आला आणि इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं. पाण्यात चिखल होताच, शिवाय घराघरांतल्या हीटरचं तेलही.

देशोदेशीचे विद्यार्थी धावून आले. रांगेत उभं राहून ते हातोहात ग्रंथ वर काढत. शहरानं त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटलं. देवदूतांची अवस्था मात्र नखशिखांत चिखलाची!

ओल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. म्हणून पानांमध्ये टिपकागद घातले, लाकडाचा भुसा वापरला. कित्येक ग्रंथ तर तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांत वाळवले. धुलाई चालली रेल्वे स्थानकाच्या बॉयलरघरात. पुढं ब्रिटिश ग्रंथबांधणीकार पीटर वॉटर्स यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती सुरू झाली. फाटक्या पानाला लांब धाग्यांचा पातळ जपानी कागद गव्हाच्या खळीनं चिकटवायचा. खळ पाण्यानं सुटते, त्यामुळं चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. आजच्या ग्रंथसंवर्धनाचा हा पायाच.

सेलोटेपचं उलट. त्याचा डिंक कागदात मुरतो, पिवळा पडतो, डाग सोडतो. तेव्हा घरातल्या जुन्या पोथीचं पान फाटलं, तर टेपला हात लावू नका.