पहाटेचे अकरा

पहाटे ५.
इथल्या घड्याळात अकरा, सा कुमी ना मोजा. स्वाहिलीत दिवसाचे तास उजाडल्यापासून मोजतात, रात्रीचे मावळल्यापासून. सकाळचे ७ म्हणजे एक, भर दुपार म्हणजे सहा. आपल्याकडची जुनी माणसंही घटका सूर्योदयापासून मोजायची, म्हणून मला ते परकं वाटलं नाही. आमच्या चित्रीकरणाच्या कॉलशीटवर दोन्ही वेळा लिहिलेल्या असतात.

गाव किमाना. केनियाच्या दक्षिणेला, अंबोसेली उद्यानाच्या पूर्वेकडे. आम्ही चौघं: दिग्दर्शिका इथलीच मासाई, कॅमेरावाला आणि ड्रायव्हर नैरोबीचे, आणि आवाजाचं काम माझ्याकडे. दिग्दर्शिका मला दादा म्हणते. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ. घरी ज्या हाकेला माझा थोरला भाऊ ‘ओ’ देतो, तिला इथे मी देते, आणि दर वेळी बरं वाटतं.

किलिमांजारो टांझानियाच्या हद्दीत असला तरी इथून समोर दिसतो. दिसतो तो पहाटे. नंतर ढग चढतात. कॅलेंडरवरचे हत्ती उभे असतात ते याच डोंगरापुढे. आमचा कॅमेरा मात्र डोंगराकडे पाठ करून लागलाय. दिग्दर्शिकेचं म्हणणं साधं आहे: डोंगर सगळ्या जगानं पाहिलाय, त्याच्या झऱ्यांवर पिकणारी शेतं कुणी पाहिलेली नाहीत.

मी हेडफोन चढवते. गुरांच्या गळ्यातल्या घंटा, कोंबडा, लांबून एक बोडा बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल. यापूर्वी ज्या निसर्गपटांवर मी काम केलं, तिथे हे सगळं कापायचं असे. रान कसं निर्मनुष्य ऐकू आलं पाहिजे. एकदा निवेदनाच्या एका ओळीसाठी आम्ही घंटा थांबायची वाट बघत दोन तास बसलो होतो. त्या घंटांमागे एक पोरगा होता आणि त्याच्या मागे त्याचं घर. त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणीही मान वळवून पाहिलं नाही. मीही नाही.

सकाळी ७.
रात्री हत्ती शेतात येऊन गेले. इथे शेताला शांबा म्हणतात. टोमॅटोचे चार वाफे तुडवलेले, कुंपणाचे खांब आडवे, आणि पाण्याची काळी नळी मधेच चिरलेली. शेतकरीणबाई पन्नाशीच्या. ‘ताक्वेन्या,’ दिग्दर्शिका म्हणते. ‘इको,’ बाई उत्तर देतात. त्यांची दोन नातवंडं आमच्यापुढे येऊन डोकं झुकवतात. त्यावर तळवा ठेवायचा, हाच इथला राम राम.

कॉलर माइक लावताना बाईंचे हात चिखलानं भरलेले दिसतात. मुलाखतीआधी हात धुऊ का, असं त्या विचारतात. नको, असं दिग्दर्शिका सांगते, आणि मग पहिला प्रश्न विचारते. मुलाखतीत मी पुष्कळ प्रश्न ऐकलेत. ‘भीती वाटली का?’ हा ठरलेला. ही विचारते, ‘येयो, आधी काय ऐकलंस?’ येयो म्हणजे आई.

‘नळी,’ बाई म्हणतात. ‘त्यांचं पाऊल वाजत नाही. नळी फुटल्यावर पाण्याचा आवाज आला, तेव्हा कळलं.’

मग बराच वेळ काही नाही. मी सुई बघत राहते, ती जेमतेम हलते. दिग्दर्शिका घाई करत नाही. ‘रोपं परत लावीन,’ बाई आपणहून बोलतात. ‘नळी उधारीवर आणली होती.’

माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. उसात बिबट्या असणार हे धरूनच तिथे रात्री पाणी द्यायला जातात, कारण मोटारीला वीज बरेचदा रात्रीच येते. बिबट्यावरच्या फिल्मा मी पाहिल्या आहेत. त्या विजेचं वेळापत्रक मला एकीतही दिसलं नाही. या बाईंची उधारी आमच्या फिल्ममध्ये राहील.

केनियातले साधारण दोन-तृतीयांश वन्यप्राणी उद्यानांबाहेर, माणसांच्या जमिनीवर राहतात. अंबोसेली उद्यान ३९२ चौरस किलोमीटरचं. हत्तींना ते पुरत नाही. किमानातून त्यांची वाट च्युलू टेकड्यांकडे आणि त्सावोकडे जाते. २०१३ च्या कायद्यात पिकाची भरपाई आहे, माणूस दगावला तर ५० लाख शिलिंगही आहेत. बाईंना कायदा माहीत आहे. अर्ज कुठे द्यायचा तेही माहीत आहे. त्या तो देणार आहेत, हे त्या कॅमेऱ्यात बघून सांगतात, आणि कुंपण बांधायला उठतात. कॅमेरा त्यांच्या हातांमागे जातो.

सकाळी ९.
पिवळ्या सालीच्या बाभळींखाली कळप सापडतो. इंजिन बंद. सगळे गप्प.

या भागातल्या हत्तींवर २०१४ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. संशोधकांनी त्यांना माणसांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. मासाई पुरुषाचा आवाज ऐकला की कळप एकत्र गोळा होई, सोंडा वर करून वास घेई. कांबा जमातीतल्या पुरुषाच्या आवाजाला तेवढा घाबरत नसे. मासाई बाईच्या किंवा लहान मुलाच्या आवाजालाही मासाई पुरुषाच्या आवाजाइतका नाही. कारण सरळ आहे: भाले घेऊन येणारे बहुधा मासाई पुरुष होते. म्हणजे हत्तीला भाषा कळते, वय कळतं, बाई की पुरुष हे कळतं. या रानातला कुठला माणूस कोण, हे तो ऐकून ठेवतो. आणि आम्ही आवाजाची माणसं इतकी वर्षं तेच आवाज पुसत होतो.

मादीचा खोल हुंकार येतो. कानाला अर्धाच, बाकीचा माणसाच्या ऐकण्याच्या खाली असतो, छातीत जाणवतो. मी श्वास रोखून तो घेते.

दुपारी १२.
जेवायला उगाली आणि सुकुमा विकी, मग खोलीत लॅपटॉपवर संकलन.

दुरून टिपलेल्या प्राण्याचा आवाज बहुतेक वेळा स्टुडिओत बनवतात. यात लपवण्यासारखं काही नाही, धंद्याची रीत आहे. मात्र काय बनवायचं आणि काय गाळायचं हे कुणी तरी ठरवतं. १९५९ मध्ये बर्नहार्ड ग्झिमेक यांचा टांझानियातल्या सेरेंगेटीवरचा माहितीपट आला, त्याला ऑस्करही मिळालं. उद्यानात माणूस नको, हा त्यांचा आग्रह. त्याच वर्षी मासाईंना सेरेंगेटी सोडून गोरोंगोरोकडे जावं लागलं. फिल्ममुळेच तसं झालं असं मी म्हणणार नाही. पण रिकामं रान हेच खरं रान, ही समजूत अशा फिल्मांनी पक्की केली, हे माझं मत आहे.

ती समजूत आता इथलेच लोक मोडतायत. हत्तींवर काम केलेल्या शास्त्रज्ञ पॉला काहुम्बू यांनी २०१९ मध्ये ‘वाइल्डलाइफ वॉरियर्स’ ही मालिका सिटिझन टीव्हीवर आणली. वर्गणी न भरता दिसणारी वाहिनी, आणि पडद्यावर केनियाचेच संशोधक, केनियाचेच रक्षक. दक्षिण आफ्रिकेत नोएल कॉक आणि प्राग्ना परसोतम-कॉक यांची न्यूफ ही संस्था आफ्रिकेतल्या चित्रपटकारांना घडवते, अगदी पाण्याखालच्या चित्रीकरणापर्यंत. केनियात १९८९ साली सुमारे १६,००० हत्ती उरले होते, २०२१ च्या गणनेत ३६,२८० निघाले. ही वाढ ज्यांच्या शेतांतून चालत जाते, त्यांनी ती गोष्ट सांगू नये तर कुणी?

दुपारी ४.
वारा फार. माइकवर केसाळ आवरण घालूनही निम्मं वाया. काही मिळालं नाही.

संध्याकाळी ७.
पुन्हा पहिला तास. शाळेच्या भिंतीवर आम्ही कच्चं संकलन दाखवतो, वीस मिनिटांचं. जनरेटर लांब ठेवलाय. दीडेकशे माणसं, पोरं पुढे, म्हातारे खुर्च्यांवर. बाई स्वतःला भिंतीवर बघतात तेव्हा तोंडावर हात ठेवतात. हत्ती आल्यावर पोरं ओरडतात. त्यांतल्या कित्येकांनी दिवसाउजेडी हत्ती इतका वेळ बघितलेलाच नाही, एरवी दिसला की पळायचं असतं.

दिवे लागल्यावर एक म्हातारबाबा उठतात. काठीवर दोन्ही हात. मासाईत बोलतात, दिग्दर्शिका मला सांगते. फिल्म बरी आहे. पण गाई पाण्यावर जातात तिथे जी घंटा ऐकवली, ती त्या गाईची नाही. ती शेजारच्या बोमातल्या, म्हणजे वस्तीतल्या, गाईची आहे.

आजूबाजूचे माना डोलावतात. सगळ्यांना कळलं होतं.

ते खरं आहे. त्या दिवशी वाऱ्यानं मूळ आवाज खराब झाला, म्हणून मी दुसऱ्या सकाळचा घेऊन तिथे बसवला होता. इतक्या वर्षांत एकाही प्रेक्षकानं मला असं पकडलं नव्हतं. मी उठून बाबांना तसंच सांगते. ते विचारतात, मग आता?

रात्री ९.
कार्डं दोन डिस्कवर उतरवली, बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. दिग्दर्शिका उद्याची कॉलशीट लिहितेय. पहिल्या ओळीत सूर्योदयाचा शॉट होता. तो खोडून तिनं लिहिलंय: पहाटे ५, सा कुमी ना मोजा. बाबांचा बोमा. पांढऱ्या कपाळाची गाय. फक्त दादा आणि माइक.