राजीनाम्याचं गाणं

‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ म्हटलं की बहुतेकांच्या कानात व्हिटनी ह्यूस्टनचा तो चढा सूर घुमतो. तिचा ‘द बॉडीगार्ड’ हा चित्रपट पाहिलेला नसला तरी घुमतो. हे गाणं लोक लग्नातही वाजवतात. मुळात तो नोकरीचा राजीनामा आहे. पण लक्षात कोण घेतो!

राजीनामा होता डॉली पार्टनचा. टेनेसीच्या डोंगरातल्या गरीब घरातली ही मुलगी १९६७मध्ये पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमात आली. पोर्टर म्हणजे झगमगत्या, भरतकाम केलेल्या सुटांतला नॅशव्हिलचा बडा गायक. कार्यक्रम त्याच्या नावाचा आणि शेवटचा शब्दही त्याचाच. पाच वर्षं राहीन म्हणून आलेली डॉली सातव्या वर्षीही तिथेच होती. सोडण्याचा विषय काढला की भांडण. बोलून उपयोग नाही हे कळल्यावर तिने घरी जाऊन गाणं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसात त्याच्यासमोर ते गायलं. ती सांगते, पोर्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘जा’ म्हणाला, पण या गाण्याची रेकॉर्ड मी करणार, ही अट घालून.

जून १९७३मध्ये नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ बीमध्ये गाणं ध्वनिमुद्रित झालं. ते आज ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो त्यातला संकोच. तीन मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. आवाज कुठे चढत नाही, आणि शेवटचं कडवं, म्हणजे समोरच्याला दिलेल्या शुभेच्छा, डॉली गातच नाही, नुसती बोलते. दाराशी उभं राहून चपला घालता घालता बोलावं तसं. माझ्या लेखी या गाण्याचा सगळा जीव त्या बोललेल्या कडव्यात आहे.

सिंगल बाजारात आली मार्च १९७४मध्ये. फेब्रुवारीत तिचं ‘जोलीन’ ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या कंट्री, म्हणजे अमेरिकन ग्रामीण वळणाच्या, संगीताच्या चार्टवर पहिलं आलं होतं. जूनमध्ये हेही आलं. पण कंट्रीचा रेडिओ हे वेगळंच गाव होतं. तिथला पहिला नंबर गावाबाहेर कुणाला ठाऊक असेलच असं नव्हे.

एल्विस प्रेस्लीला मात्र ठाऊक होता. त्याला हे गाणं गायचं होतं, डॉली हरखून गेली होती. मग त्याचा मॅनेजर कर्नल पार्कर याचा निरोप आला: प्रकाशनाचे निम्मे हक्क द्या, तरच एल्विस गाईल. गाणं डॉलीच्या स्वतःच्या प्रकाशन कंपनीचं होतं. तिने नकार दिला आणि रात्रभर रडली. लोकांनी तिला वेड्यात काढलं असणार. एल्विसला नाही म्हणतं का कुणी?

पोर्टरचं पुढे काय झालं? निरोपाने रडलेल्या या गृहस्थाने १९७९मध्ये तिच्यावर तीस लाख डॉलरचा दावा ठोकला. तो कोर्टाबाहेर मिटला.

१९८२मध्ये एका चित्रपटासाठी डॉलीने गाणं नव्याने गायलं आणि ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा कंट्री चार्टवर पहिलं. एकाच गायिकेचं तेच गाणं दोनदा शिखरावर, असं त्या यादीत आधी घडलं नव्हतं. सर्व प्रकारच्या गाण्यांच्या ‘हॉट १००’वर मात्र त्याची धाव ५३व्या क्रमांकापर्यंतच.

आणि मग १९९२. ‘द बॉडीगार्ड’साठी आधी दुसरंच गाणं ठरलं होतं, ते हातचं गेलं, आणि चित्रपटाचा नायक केव्हिन कॉस्टनरने हे सुचवलं. व्हिटनीची सुरुवात वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजाने. नोव्हेंबरच्या अखेरीस ते हॉट १००वर पहिलं आलं आणि सलग १४ आठवडे तिथून हललं नाही. यात मोजणीच्या नव्या पद्धतीचाही हातभार असावा. वर्षभर आधीपर्यंत दुकानदार सांगतील ती विक्री धरली जाई. १९९१च्या नोव्हेंबरपासून काउंटरवर स्कॅन झालेली प्रत मोजली जाऊ लागली, आणि गाणी वर टिकून राहू लागली. एल्विसचा १९५६चा ११ आठवड्यांचा विक्रम ‘बॉइज टू मेन’ या गायकगटाने १९९२मध्येच १३ आठवड्यांनी मोडला होता. त्याच्याही पुढे गेलं ते एल्विसला न मिळालेलं हे गाणं!

डॉलीने व्हिटनीचं हे गाणं पहिल्यांदा ऐकलं गाडी चालवताना, रेडिओवर. आपलंच गाणं आहे हे ध्यानात यायला क्षणभर वेळ लागला, आणि मग गाडी बाजूला घ्यावी लागली. २०१२च्या फेब्रुवारीत व्हिटनी गेली, तेव्हा तेच ध्वनिमुद्रण पुन्हा हॉट १००वर तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

हक्क आजही डॉलीचेच. व्हिटनीच्या गाण्यातून आलेल्या रॉयल्टीत तिने नॅशव्हिलमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत इमारती घेतल्या आणि तिथे आपलं ऑफिस थाटलं. ते घर व्हिटनीने बांधलं, असं ती सांगते.