टोळी निघाली, वस्तीत म्हातारी माणसं राहिली



दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की औसा तालुक्यातल्या आपल्या वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कारखान्याच्या वाटेला लागतात, बाकीची तरणी माणसं पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात. मागे राहतात म्हातारी माणसं, आणि पुष्कळदा त्यांच्याच अंगावर नातवंडं. पुढचे पाच-सहा महिने बीपीची गोळी कोण आणणार, न्हाणीत पाय घसरला तर कोण उचलणार, हे टोळी निघण्याआधी फार थोड्या घरांत ठरलेलं असतं.

निराधार म्हातारपण आपल्या तालुक्याला नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात कर्ती पोरं गेली आणि म्हातारे आई-बाप मागे राहिले, अशी घरं आपण पाहिली. तेव्हा देशभरातून मदत आली. दरवर्षी हंगामात एकट्या पडणाऱ्या म्हातारीसाठी मात्र कुणी ट्रक पाठवत नाही.

वृद्धाश्रमाचा विषय काढला की वस्तीत आम्हाला दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "ते पैसेवाल्यांचं काम." दुसरं, "लोक म्हणतील, आई-बापाला टाकून दिलं."

पहिल्याचं आधी बघू. निराधार वृद्धांसाठी स्वयंसेवी संस्थांनी वृद्धाश्रम चालवायचे आणि शासनाने त्यांना अनुदान द्यायचं, ही योजना महाराष्ट्रात १९६३ पासून आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ५५ वर्षांवरील स्त्रिया यांची राहण्या-जेवणाची आणि औषधपाण्याची सोय तिथे मोफत व्हायची आहे. १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. त्यात काही जागा पैसे भरणाऱ्यांसाठी आणि काही गरिबांसाठी मोफत ठेवल्या. म्हणजे गरिबाची जागा कागदावर आहे. चौकशी समाजकल्याण खात्याच्या लातूरच्या कार्यालयात करायची.

२००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आणखी पुढे जातो. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम आणि त्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय, असं त्याचं कलम १९ सांगतं. पण त्यात एक मेख आहे. राज्य सरकार असे आश्रम "स्थापन करू शकेल" असं लिहिलंय, "करील" असं नाही. म्हणून ही १५० माणसांची सोय आपोआप होत नाही, ती मागावी लागते. ग्रामसभेत ठराव घ्या, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या, त्याची पोच घ्या. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असं सांगितलं, ते म्हाताऱ्या माणसांच्या हक्कालाही लागू आहे.

आता लोक काय म्हणतील ते. पोटासाठी गाव सोडणाऱ्या मुलाने आईची नीट सोय लावली तर त्याने तिला टाकलं असं होत नाही. तिला विचारून, जागा बघून, भेटायला जात राहिलं तर त्यात लाज कसली? टाकणं वेगळं. सांभाळण्याची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला कायमचं वाऱ्यावर सोडलं तर याच कायद्याने तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऐपत असून मुलं बघत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी अर्ज करता येतो. अर्ज स्वतःला जमत नसेल तर आपण सांगू ती व्यक्ती किंवा संस्था करू शकते.

आश्रम निवडताना नुसती इमारत बघून येऊ नका. संस्था नोंदणीकृत आहे का? डॉक्टर किती दिवसांनी येतो? रात्री कोण असतं? संडासात धरायला दांडी आहे का? जेवणाची पंगत सगळ्यांची एकच आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस अंथरुणाला खिळला तर ठेवून घेता की परत पाठवता? हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारायला सांगतो, कारण पुष्कळ ठिकाणी चालता-फिरता माणूसच घेतात. ज्याला सेवेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद असतं.

असा माणूस घरीच असेल तर दर दोन तासांनी कूस बदला. पाठ, कंबर, टाचा रोज उजेडात बघा. लाल झालेली जागा दाबून सोडल्यावरही लालच राहिली तर ती जखमेची सुरुवात आहे. ती चोळू नका. त्या जागेवर भार येऊ देऊ नका आणि आशाताईला कळवा. अंथरूण कोरडं ठेवा. पाणी आणि पेज बसवून, घोटघोट पाजा. म्हातारं माणूस एकाएकी बरळू लागलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं किंवा साखर उतरणं यांनीही तसं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत.

टोळी निघण्याआधी कागद लावून ठेवा. ६५ वर्षांवरील गरिबांना श्रावणबाळ योजनेतून महिना १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा. बँक खात्याला आधार जोडलेलं आहे का ते बघा आणि हयातीचा दाखला वेळेवर द्या, नाहीतर पैसे अडकतात. ७० च्या पुढे आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्यावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार होतात आणि उत्पन्नाची अट नाही. अडचणीत १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत मदत क्रमांक आहे. तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि विहाराचं काम? पोटाच्या आजाराने एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कुणी बघत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला समजावलं की इथे तुमचे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना बघितलं नाही तर कोण बघणार? हंगामात आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांची तीच गत असते.

वर्षावास अश्विन पौर्णिमेला संपतो आणि त्यानंतर टोळ्या हलतात. त्या पौर्णिमेला वंदना झाली की विहारात एक वही उघडा. मागे राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, आजार, चालू गोळ्या, मुलाचा आणि मुकादमाचा फोन नंबर त्यात लिहा. पाच घरांमागे दोन उपासिका ठरवा. त्यांनी सकाळ-संध्याकाळ दाराशी जाऊन हाक मारायची, चूल पेटली का आणि गोळी घेतली का ते बघायचं. याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. जिल्ह्याला १५० माणसांचा आश्रम मागत राहूच. तो मिळेपर्यंत ही वही यंदाच्या पौर्णिमेलाच सुरू करा.