डीएनएत मायची रेषा एक सांगते, अख्खा डीएनए दुसरंच. दोन्ही खरं कसं?

जळगाव/धुळे : ‘डीएनएनं सिद्ध झालं, आपला समाज मूळचा अमुक ठिकाणचा’ असे मेसेज समाजाच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतात. कधी राजस्थान, कधी गुजरात, कधी थेट इराण. दुसऱ्या ग्रुपवर तेव्हाच दुसरा मेसेज असतो, ‘भारतातले सगळे एकाच मायचे.’ मग वाद सुरू होतो. मेसेज टाकणारा खोटंच बोलतो असं नाही. बऱ्याच वेळा दोन वेगळ्या तपासण्यांची सरमिसळ झालेली असते. एक तपासणी फक्त मायकडच्या एका रेषेची असते, दुसरी अख्ख्या डीएनएची. दोघींचं उत्तर वेगळं आलं तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

आपल्या पेशीत डीएनए दोन जागी असतो. मोठा साठा केंद्रकात, सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. त्याची एक प्रत मायकडून येते, एक बापाकडून. दुसरा छोटा तुकडा पेशीला ताकद पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियात असतो, फक्त १६,५६९ अक्षरांचा. हा तुकडा मायकडूनच येतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढच्या पिढीला देते फक्त मुलगी. मुलाकडे आला की तिथंच थांबला. म्हणजे माय, तिची माय, त्या मायची माय, अशी एकच सरळ रेषा.

गोठ्यात बघितलं तर हे लवकर कळतं. समजा घरी गावठी गाय आहे. तिला एच.एफ.चं सीमेन भरलं. कालवड झाली, ती अर्धी एच.एफ. तिला परत एच.एफ. भरलं, पुढची कालवड ७५ टक्के. तिसऱ्या पिढीला साडेसत्त्याऐंशी, चौथ्या पिढीला जवळपास ९४ टक्के. आता दावणीला काळीपांढरी, वशिंड नसलेली, दूध जास्त देणारी गाय उभी आहे. बघणारा तिला विदेशीच म्हणेल. पण तिची मायची रेषा तपासा, शंभर टक्के गावठी निघेल! कारण प्रत्येक वेळी बाहेरून आला तो वळू, माय घरचीच होती.

उलटं उदाहरण ब्राझीलचं. तिथं आपल्याकडून गीर आणि ओंगोल जातीचे वळू गेले, गायी थोड्या. वळू लावले तिथल्या युरोपी वंशाच्या गायींना. आज तिथली जनावरं दिसायला वशिंडवाली, डीएनएही बहुतांश आपल्याकडचा. पण मायची रेषा तपासली तेव्हा अनेक जनावरांत ती युरोपी गायीची निघाली.

(जाता जाता केळीवाल्यांसाठी. हा नियम बहुतेक सजीवांना लागतो, पण केळी त्यात बसत नाही. केळीत मायटोकाँड्रियाचा डीएनए बापाकडून येतो आणि पानातल्या हरितलवकाचा मायकडून. रावेर-यावलची ग्रँड नैन मात्र टिश्यू कल्चरची, तिथं माय-बापाचा प्रश्नच येत नाही.)

आता माणसाकडे येऊ. दोन आई-बाप, चार आजी-आजोबा, आठ पणजी-पणजोबा. असं दुप्पट करत दहा पिढ्या मागे गेलं तर १,०२४ जागा होतात. २५ वर्षांची पिढी धरली तर ही साधारण २५० वर्षांपूर्वीची, म्हणजे पेशवाईतली माणसं. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरांत काही माणसं दोनदा मोजली जातात, ती गोष्ट वेगळी. या १,०२४ पैकी मायची रेषा सांगते फक्त एका बाईबद्दल. उरलेल्या १,०२३ बद्दल ती गप्प असते. आणि गंमत म्हणजे हीच बाई आपल्या कुठल्याच कागदावर नसते. वंशावळीत बाप, आजा, पणजा असतात. पणजीच्या मायचं नाव किती जणांना सांगता येईल?

अख्ख्या डीएनएच्या तपासणीत केंद्रकातल्या लाखो जागा वाचतात, म्हणून तिथं सगळ्या बाजूंच्या पूर्वजांचा हिशोब लागतो. पण कुठली व्यक्ती, कुठल्या गावची, असं नाव-गाव त्यातून निघत नाही. निघतं ते प्रमाण.

महाराष्ट्रात या दोन तपासण्यांतला फरक स्पष्ट दिसतो तो बेने इस्रायली समाजात. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी या समाजाची आठवण. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या मायच्या रेषा तपासल्या तर त्या जवळपास इथल्याच. तेवढ्यावरून कुणी म्हणेल, बाहेरून आल्याची गोष्ट खोटी. पण २०१६ मध्ये समाजातल्या १८ जणांचा अख्खा डीएनए तपासून अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मध्यपूर्वेकडचा आणि भारतीय असे दोन्ही वाटे सापडले. मिसळ झाली ती १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी. बाहेरून आले ते मुख्यतः पुरुष, घर मांडलं इथल्या बायकांशी. गोठ्यातलाच हिशोब.

पारशांचंही तसंच. २०१७ च्या अभ्यासात आजच्या पारशांचा अख्खा डीएनए इराणच्या जवळचा निघाला. पण गुजरातेत संजाणला उत्खननात मिळालेल्या जुन्या सांगाड्यांत ४८ टक्के मायच्या रेषा भारतीय उपखंडातल्या होत्या.

मग आपल्या खान्देशाचं काय? पूर्ण भारतात साधारण दहांतल्या सहा जणांची मायची रेषा ‘एम’ नावाच्या एकाच मोठ्या घराण्याची आहे. ती सगळ्या थरांत सापडते, जातींत आणि आदिवासींतही. तिच्या फांद्या इथं हजारो वर्षं वाढलेल्या आहेत. म्हणून रिपोर्टमध्ये ‘एम’ आलं म्हणजे जात कळली, असं समजू नये. ‘सगळे एकाच मायचे’ हा मेसेज इथूनच निघतो.

अख्ख्या डीएनएत चित्र बदलतं. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीचे थंगराज आणि लालजी सिंग, तसेच हार्वर्डचे डेव्हिड राईक यांच्या गटानं भारतातल्या २५ समाजांचा अभ्यास मांडला. त्यात भिल्ल समाजाचे नमुनेही होते. बहुतेक समाज दोन जुन्या लोकसमूहांच्या मिसळीतून झालेले दिसले, फक्त प्रमाण कमी-जास्त. त्यातल्या उत्तरेकडच्या समूहाचा वाटा ३९ ते ७१ टक्के. २०१३ मध्ये ७३ समाजांवर पुढचं काम आलं. ही मिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाली आणि त्यानंतर समाज आपापल्यात लग्नं करू लागले, असं त्यातून निघालं. म्हणजे निव्वळ शुद्ध रक्ताचा समाज कोणताच नाही. हे वाक्य ग्रुपवर टाकून बघा, किती जण लाईक करतात ते कळेल.

मायच्या रेषा इतक्या पसरलेल्या का, याचं एक कारण रोजच्या जगण्यात आहे. पोरगी लग्न होऊन सासरी जाते, पोरगा शेताला धरून राहतो. चोपड्याची लेक शिरपूरला, शिरपूरची नात सुरतला. अशा शंभर पिढ्या झाल्या की मायची रेषा एका गावात राहत नाही.

आता खिशाचा आणि घराचा प्रश्न. जात पडताळणीला डीएनए रिपोर्ट उपयोगी पडत नाही. तिथं १९५० पूर्वीच्या शाळा-महसुलाच्या नोंदींना वजन आहे. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं अॅफिनिटी टेस्टसुद्धा प्रत्येक प्रकरणात अंतिम कसोटी नाही असं सांगितलं, पण ती टेस्ट चालीरीतींची असते, रक्ताची नाही. कुणी ‘डीएनए करून व्हॅलिडिटी काढून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

आजाराचंही असंच. लेबर नावाचा डोळ्यांचा आजार मायच्या रेषेतून येतो, पण असे आजार थोडे. आपल्या भागातला मोठा आजार सिकलसेल. त्याचा दोष केंद्रकातल्या अकराव्या गुणसूत्रावर असतो, तो मायकडूनही येतो आणि बापाकडूनही. महागडा वंश-रिपोर्ट ‘मायची रेषा एम’ सांगेल, सिकलसेलबद्दल त्या रेषेत काही नसतं. भिल्ल, पावरा समाजात हा आजार जास्त आढळतो, पण इतर समाजांतही आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एकटाच वाहक असेल तर बाळाला आजार होत नाही, ते वाहक होऊ शकतं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथं सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते, त्याला पैसे लागत नाहीत. पहिल्या चाचणीत काही आढळलं तर खात्रीसाठी दुसरी करतात, तीही करून घ्यावी. आशाताईंना विचारलं तर त्या पुढचं सांगतात. पोरा-पोरीची सोयरीक ठरवताना पत्रिकेसोबत दोघांची सिकलसेलची कार्डंही समोर ठेवावीत, आणि ती साखरपुड्याआधी ठेवावीत.